पाववाल्याची सुरी

"अहो, पुढे बघा. तोल गेला तर गाड्यासकट मी खाली," मी म्हणाले.

"तू मागून धर. पुढचं मी बघतो," हे म्हणाले. बोलणं अजून जरा जड होतं, पण तोरा जुनाच.

हे सुऱ्यांना धार लावतात. पायाने फिरवायचं दगडी चाक हातगाड्यावर बसवलेलं. सकाळी उघड्यावरचा बाजार, दुपारी त्याच्या मागचा मोठा, छपराचा हॉल, यातच यांचा जन्म गेला. गेल्या थंडीत यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. दवाखाना झाला, मग घरातली खाट. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, माणूस काही येईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाक मारली तर "ठेव झाकून" म्हणायचे. आणि परवा अचानक उठून बसले. म्हणाले, "एकदा फेरी मारून बघतो. कुणी सुरी दिली नाही तर चाक विकून टाक."

चाक विकलं की यांना मी पुन्हा खाटेवरून उठवू शकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मीही निघाले. बाजारात इतकी वर्षं पिशवी घेऊन यायचे, गाडा ढकलत पहिल्यांदाच आले.

तोंडालाच भोपळेवाला. ताडपत्रीखाली उभा राहून त्याने एका घावात भला थोरला भोपळा चिरला. एवढी धार असलेली सुरी कोण कशाला देईल? हे पाठमोरे होऊन गाड्याच्या चाकाखाली वीट लावत होते. भोपळेवाल्याने यांना पाहिलं, हातातल्या सुरीकडे पाहिलं आणि ती सरळ पुढे केली.

"मामा, होतात कुठे? हिचा नुसता चमचा झालाय बघा."

यांनी सुरी घेतली, अंगठ्याने चाचपली आणि चाक फिरवायला लागले. मग काय, वांगीवाली आली, कलिंगडवाला आला, मटणवाल्याने दोन सुरे आणून ठेवले. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, खोळंबली होती माणसं बिचारी.

यांना पाणी हवं होतं म्हणून मी मासळीवाल्या मावशींच्या मागच्या नळावर गेले. मावशी उकिडव्या बसल्या होत्या आणि कापायची सुरी फरशीच्या कडेवर खसाखसा घासत होत्या. धार काढत नव्हत्या, मोडत होत्या.

"अहो मावशी, हे काय?"

"ओरडू नकोस," मावशी म्हणाल्या. हात थांबला नाही. "मशीनवर धार लावणारी गाडी येते हल्ली, आठवड्याला. सगळ्यांच्या सुऱ्या लखलखीत आहेत. मग मामांना काय देऊ, दांडा?"

"सगळेच असं करतायत?"

"मी दुसऱ्यांचं कशाला बघू? तू पाणी ने. आणि तोंड मिटून ने."

मी पाणी नेलं. यांना प्यायला दिलं आणि पदराने यांच्या कपाळावरचा घाम पुसला. खरं तर माझेच डोळे पुसायचे होते. हे गेले काही महिने पडून होते, तेव्हा मी या बाजाराला किती बोल लावले होते. एक माणूस फिरकला नाही, सगळी गोडी कामापुरती, असं शेजारणीला ऐकवलं होतं. त्या सगळ्यांचे पाय धरावेत असं मला वाटत होतं, आणि धरता येत नव्हते.

दुपारी हॉलमध्ये गेलो. आत थंडगार, गुळगुळीत फरशी, काचेच्या कपाटांत मांडलेलं चीज, टांगलेलं मांस, बरण्याच बरण्या. तिथला रखवालदार गाड्याला कायम मागच्या दाराशी अडवायचा. आज त्यानेच दार उघडलं आणि वर म्हणाला, "चाकं पुसून घ्या, एवढंच." बातमी आमच्या आधी पोचली होती. चीजवाली बाई हातात सुरी धरूनच उभी होती. शेजारच्याची तर इतकी बोथट केलेली होती, की लोणीही कापलं गेलं नसतं. मला हसू आवरेना. यांचा पाय मात्र एका लयीत चालला होता आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

तेवढ्यात पाववाला आला. त्याने यांना जन्मात कधी काम दिलेलं नाही. द्यायला होतं काय? पाव कापायची लांब, दातेरी सुरी. करवतीसारखे दात तिला. अशी सुरी चाकावर धरली तर दातच उडतील, हे मलासुद्धा कळतं. पण सगळ्यांनी दिलं आणि आपण मागे कसं राहायचं म्हणून या भाबड्याने तीच आणून यांच्या हातात दिली. चीजवालीने कपाळावर हात मारला.

यांनी पाय थांबवला. सुरी उलटसुलट करून पाहिली. मग मान वर करून पाववाल्याकडे पाहिलं, चीजवालीकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी खाली बघितलं. आता हे उठणार, गाडा उचलणार आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, असं मला वाटलं.

"कधी लावली होती धार हिला?" यांनी विचारलं.

"लावलीच नाही कधी, मामा," पाववाला म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"मग वेळ लागेल. स्टूल घेऊन बसा."

यांनी गाड्याच्या खणातून पेन्सिलीएवढी दगडाची कांडी काढली. सुरी मांडीवर आडवी घेतली, डाव्या हाताने दाबून धरली आणि एकेक दात घासायला लागले. हात थरथरला की थांबायचे, आणि थरथर गेली की पुढचा दात. पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकं रांगेत उभी राहिली. पाववाल्याने कुणालाच घाई करू दिली नाही. काम झाल्यावर त्याने एक मोठा पाव कापला. एक कण खाली सांडला नाही. पहिला तुकडा त्याने यांना दिला, दुसरा मला. यांनी तो तिथेच, उभ्याने, सगळा खाल्ला.

संध्याकाळी चढावर मी मागून ढकलत होते.

"उद्या किती वाजता निघायचं?" मी भीत भीत विचारलं.

"उद्या नको," हे म्हणाले. "महिनाभर जाऊ दे. रोज गेलो तर त्या माणसांच्या चांगल्या सुऱ्यांचं वाटोळं होईल."

मग गाडा थांबवून, श्वास घेऊन म्हणाले, "भूक लागलीय गं. घरी गेल्यावर काय करशील?"