आठवा ठिपका

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. गोष्ट सांगायला बसले खरे, पण ती मलाच धड कळलेली नाही. माझ्याखाली नखाएवढे जे मावते, तेवढेच मला दिसते. पलीकडे काय चालले आहे, याचा मला पत्ता नसतो.

एका काच घासणाऱ्या कारागिराने मला घडवले. पुढे मी एका शिक्षिकेकडे आले. तिची भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते. पहिल्या वर्षी मावशीने मला घरामागच्या गवताळ माळावर नेले. काडीच्या बुडख्याशी मोहरीहून बारीक अंडे दिसले, पुढे काटेरी अळी, मग उलटा टांगलेला कोष आणि शेवटी ठिपक्यांचा पंख. मला वाटले, ही चार वेगळी बिऱ्हाडे आहेत. मावशी म्हणाली, जीव एकच आहे. मग अळीचे इतके पाय गेले कुठे? माझे डोके अजून चालत नाही. तेव्हा ठिपके मात्र कुणी मोजले नाहीत.

नंतर वर्षभर मी खणात, किल्ल्यांच्या जुडग्याखाली पडून होते. फार वाईट वाटायचे.

यंदा गवत कापणारे काका आले. ते ठिपक्यांचे फुलपाखरू दुर्मीळ निघाले तर गवत ठेवतो, साधे असेल तर आजच कापतो, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकात दुर्मीळ जातीच्या पंखाला खालून सात ठिपके होते, साध्याला आठ. मावशीने मला धरून तीनदा मोजले. आठच भरले. काका यंत्र सुरू करायला गेले आणि मावशीने पुस्तक मिटले. मला काही समजेना. दिसले तेच तर मी दाखवले होते.

भाचीने चाळा म्हणून मला तळहातावर धरले.

"मावशी, माझ्या हातावर पण एक ठिपका दिसतोय."

मावशीने मला उजेडात धरले. किल्ल्यांनी माझा बारीक टवका उडाला होता. आठवा ठिपका माझाच होता.

दोघी धावत सुटल्या. मी मुठीत, सगळा अंधार. यंत्राचा आवाज थांबला.

"मोजण्यात माझी चूक झाली," मावशी धापा टाकत म्हणाली. "ठिपके सातच आहेत, फुलपाखरू दुर्मीळच आहे. त्याची अंडी गवताच्या बुडख्याशी आहेत."

"अर्धं कापून झालंय, बाई," काका हळूच म्हणाले. "उरलेलं ठेवतो."

उरलेल्या गवतात आता अळ्या आहेत. कापलेल्या गवतात किती अंडी होती, ते कुणालाच ठाऊक नाही. मी सारखा तोच विचार करते.

मित्रांनो, काम झाले की मला मऊ कापडात ठेवा. आणि कुणाचे ठिपके मोजण्याआधी मला एकदा रिकाम्या तळहातावर धरा.