भिंतीवरून उतरवलेली पट्टी

सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीशेजारची भिंत पांढरीशुभ्र. दप्तर, वही, डबा, झोका, घर अशी दिवसभराची पाच चित्रं लावलेली पट्टी गायब. सुट्टीत रंगारी येऊन गेला होता.

भिंतीसमोर चिमणी उभी होती. आठ वर्षांची, मोजकंच बोलणारी. ऑटिझममुळे 'आता काय, मग काय' हे तोंडी सांगून तिला उमगत नसे. चित्र दिसलं की उमगे. काम झालं की ती त्याचं चित्र पट्टीवरून सोडवून खोक्यात टाकायची आणि पुढच्याकडे वळायची. चार महिने खपून बाईंनी हे तिच्या अंगवळणी पाडलं होतं. आज ती नव्या रंगावर बोटं फिरवत शोधत होती. मग तिने कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसरा दणका बाईंनी मध्ये घातलेल्या पंजावर बसला.

"मावशी, हिच्याजवळ नुसत्या बसा, बोलू नका," असं सफाईवाल्या मावशींना सांगून बाई तरातरा ऑफिसात गेल्या.

"पट्टी कुठंय?"

"कचऱ्यात असेल. उद्या तपासणी आहे, भिंती स्वच्छ दिसायला नकोत?" मुख्याध्यापिकांनी मानही वर केली नाही. "आणि किती लाड करायचे? चित्रंच दाखवत बसलात तर पोरगी बोलणार कधी?"

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. कॅलेंडर उतरवलं, तासांचं वेळापत्रक ओढून काढलं, टेबलावरची डायरी उचलली आणि सगळं काखोटीला मारलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? मला दहाला मीटिंग आहे!"

"कुणाबरोबर?"

"ते डायरीत..." मुख्याध्यापिका अडखळल्या.

"तुमचं ते कामकाज आणि तिचे ते लाड, होय?" बाईंनी सगळा पसारा टेबलावर आदळला आणि मागच्या अंगणात जाऊन कचऱ्याच्या पोत्यात हात घातला. चार चित्रं मिळाली. झोका रंगात भिजून लगदा झाला होता.

बाईंनी पट्टी कपाटाच्या दारावर लावली, झोक्याचं चित्र हाताने नव्यानं रेखाटलं. चिमणीने त्याच्याकडे बघितलं आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

तिची आई न्यायला आली. पोरीच्या कपाळावरचं टेंगूळ बघून तिचा चेहरा उतरला. बाईंनी काही लपवलं नाही.

"शाळेच्या संस्थेला लेखी देते मी," आई म्हणाली. "पण तुमच्यावर बालंट आलं तर?"

"येऊ दे."

आलंच. ऑफिसातल्या प्रकाराबद्दल गैरवर्तनाची नोटीस दुसऱ्या दिवशी हातात पडली. बाईंनी उत्तरात लिहिलं, 'खेद नाही,' आणि खाली ठसठशीत सही ठोकली. आईच्या अर्जावर संस्थेने आठवड्याभरात पट्टी भिंतीवर परत लावायला लावली. नोटीस मात्र फाइलीत राहिली.

चिमणीला त्या भिंतीकडे बघायला तीन आठवडे लागले.

"झालं ना सगळं नीट?" मुख्याध्यापिकांनी एकदा जिन्यात हसून विचारलं.

बाई त्यांच्या शेजारून वर चढून गेल्या.