बूट वगळून

मी डावा बूट बोलतोय. आम्ही दोघे आहोत, पण उजव्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्याचा तळ बोटभर जाड, माझा चांगला अडीच इंच. रस्त्यानं जाणारे लोक बघतात ते मला. आधी मला, आणि मग घाईघाईनं आभाळाकडे, जणू तिकडून कुणी हाक मारली. लहान मुलं तेवढी सरळ विचारतात, हा एवढा जाड का? माझी मालकीण त्यांना सांगते, तो जेवतो जास्त. मला त्यात अपमान वाटत नाही. खड्डे, चिखल, खिळे, पायऱ्या, सगळं मीच खाल्लंय.

लहानपणी तापात पडली तेव्हापासून मालकिणीचा डावा पाय वाढायचा थांबला. उजवा आपला वाढत राहिला. त्या दोघांची भांडणं मिटवायला मी जन्माला आलो.

माझा जन्म पाऊणइंच काकांच्या दुकानात झाला. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना बाहेर यावं लागतं. पाऊणइंच हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण जगात काहीही बिघडलं की ते म्हणतात, कुठंतरी पाऊण इंचाची चूक आहे. कुणाचा संसार मोडला, पाऊण इंच. पूल खचला, पाऊण इंच. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब सांगितला तेव्हाही त्यांनी विचारलं म्हणे, हे इंचात किती होतं?

त्यांनी बुचाचे पाच थर एकावर एक चिकटवले, दोन दिवस आवळून ठेवले, वर चामडं ताणून बसवलं आणि खाली रबर ठोकलं. माप बरोबर आलं की नाही हे बघायची त्यांची रीत निराळी आहे. काठोकाठ भरलेला चहाचा कप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि त्याला कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत चालत पाठवायचं. बशीत चहा सांडला, की बूट परत. माझ्या वेळी बशी तीनदा ओली झाली. चौथ्यांदा कोरडी राहिली. मालकिणीनं खांबाला टेकून तो चहा पिऊन टाकला. काका म्हणाले, "जा पोरी. पैसे हळूहळू दे, पण पाय घासत चालू नकोस."

त्यानंतर मी जे पराक्रम केले ते सगळे सांगितले तर थापा वाटतील, म्हणून दोनच सांगतो. एकदा भरबाजारात एक भामटा तिची पिशवी हिसकून पळाला. ती जागची हलली नाही, मला फक्त वीतभर पुढं केलं. तो तीन दुकानं हवेतून गेला आणि चौथ्यात, भांड्यांच्या, उतरला. दुसऱ्यांदा मी नाल्यात पडलो. बुचाचा असल्यामुळं बुडालो नाही. चार दिवस तरंगत होतो, आणि एक बेडकीण तिची पोरं रोज माझ्यातून पलीकडे सोडून यायची. बेडकीण मी वाढवून सांगतोय. नाला मात्र खरा आहे.

मालकीण लाँड्रीत इस्त्री करते. मागच्या खोलीत, उभ्यानं. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ शेवटी. सकाळी तिचा हात असा चालतो, की सुरकुत्या तिला बघूनच सरळ होतात. पण दुपार झाली की तिच्या कमरेत कुणीतरी दाभण घालायला लागतं. उंचीचा फरक मी भरून काढतो, पण माझ्या जन्माआधीची तीस वर्षं ती वाकडी चालली होती, आणि कमरेच्या हाडानं त्याचा हिशोब ठेवला आहे. हाडांच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, अर्धा दिवस उभं राहा, अर्धा दिवस बसा. नाहीतर हाड कापून बदलावं लागेल.

म्हणून ती अर्धा दिवस लाँड्रीत जायची. उरलेला अर्धा दिवस तिला अपंगत्वाचा भत्ता सांभाळायचा. लोकांना भत्ता म्हणजे फुकटचे पैसे वाटतात. तिच्यासाठी भत्ता म्हणजे दुपारी खिडकीपाशी टाकलेली एक खुर्ची होती, दुसरं काही नाही.

मग ते पाकीट आलं. आत चारच ओळी होत्या. आपल्या अपंगत्वाची पुनर्तपासणी होईपर्यंत भत्ता थांबवण्यात येत आहे, तारीख कळवण्यात येईल. ती भावाच्या घरी राहते; त्यानं ते दोनदा वाचून विचारलं, आता नव्यानं काय तपासणार? मालकीण म्हणाली, "पाय वाढला का ते बघणार असतील. पंचेचाळिशीत वाढतात म्हणतात."

घरात सगळे हसले. सगळ्यात आधी हसायचं ती थांबली.

तारीख आली आणि पुढं गेली. दुसरी आली, तीही पुढं गेली. एकदा यंत्र बंद होतं, एकदा डॉक्टरांची बदली झाली होती. खुर्ची तर पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच भिंतीला लावून ठेवली गेली आणि मालकीण पूर्ण दिवस उभी राहायला लागली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायची आणि माझी नाडी बांधायची. शेजारी विचारायचे, काय झालं? ती सांगायची, नाडी सुटली. माझी नाडी कधीच सुटलेली नसायची.

मोबाइल वाजला की ती हातातली इस्त्री उभी करून बघायची, पैसे जमा झाल्याचा मेसेज आहे का. बहुतेक वेळा कुणीतरी अनोळखी माणूस तिला कर्ज द्यायला उतावीळ झालेला असायचा. ज्यांनी द्यायचं ते गप्प, आणि ज्यांच्याकडे मागितलं नाही ते दिवसातून चारदा दारात.

असे तीन महिने गेले. शेवटी तारीख पक्की झाली, तेव्हा वहिनी कामाला लागली. भावाची बायको मनानं चांगली आहे, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. तिनं खालच्या मजल्यावरच्या आजोबांची काठी मागून आणली. हा बूट घरी ठेवायचा म्हणाली, साध्या सपाता घालायच्या, भिंतीला धरत जायचं, आणि डॉक्टरांनी नाव विचारलं तरी आधी कण्हायचं.

"वन्सं, एक दिवस वाकडं चालून पोट भरत असेल तर काय बिघडलं?"

"रोज सरळ चालायला मी काय कमी मरते का गं?" मालकीण म्हणाली. "ते खोटं ठरवायला मीच जाऊ?"

काठी आजोबांना परत गेली.

आणि मग जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. तीन महिन्यांत मी बाहेरच्या बाजूनं पार झिजलो होतो, म्हणून मालकीण मला काकांकडे घेऊन गेली. बोलता बोलता तपासणीचं निघालं. काकांनी चष्मा पुसला. सरकारी डॉक्टर बघणार म्हटल्यावर त्यांना वाटलं, परीक्षा आपल्या कामाची आहे. त्यांनी मला उसवलं, दोन थर नवे घातले, टाच बदलली, तळ कानशीनं घासून केसाएवढाही उंचसखल ठेवला नाही. वर पॉलिश असं, की माझ्यात बघून दाढी करावी. मालकीण घालून चालली तर एवढी सरळ, की काकांना वहाणा सापडेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली. दोघंही खूश. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी तर फुगलो होतो.

त्या कार्यालयात एक लांबलचक बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला डॉक्टरांची खोली. दार उघडं असतं. डॉक्टर माणसाला येताना बघतात आणि तेवढ्यात लिहून मोकळे होतात. चाळीस पावलांची तपासणी, आणि ती सुरू झाली हे कुणी सांगत नाही. फरशी नुकतीच पुसलेली होती. लोक भिंतीला धरून चालले होते. आम्ही मधून गेलो, टक टक टक, नाकासमोर. काका मुद्दाम सोबत आले होते. बाकावर बसून ते शेजारच्याला सांगत होते, तो डावा बघा.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. त्यांचा जेवणाचा डबा न उघडताच बाजूला पडला होता. मान वर न करता ते म्हणाले, "छान चालता की."

तीन महिन्यांत सरकारकडून मालकिणीशी कुणी गोड बोललं नव्हतं. ती खुलली. "हो ना? काकांचा हात आहे. बाहेर बसलेत."

डॉक्टर हसले आणि त्यांनी लिहिलं. लाँड्रीच्या पावत्या काउंटरपलीकडून वाचून वाचून मालकिणीला उलटी अक्षरं सरळ दिसतात. तिनं वाचलं. चाल सामान्य, अपंगत्व पंचवीस टक्के.

चाळीसच्या खाली भत्ता नाही. हे तिला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, मलासुद्धा ठाऊक होतं.

ती रडेल असं मला वाटलं. ती खुर्चीवर बसली, शांतपणे माझी नाडी सोडली, मला उचललं आणि टेबलावर, स्वतःच्या फायलीच्या मधोमध ठेवलं.

"हा छान चालतो," ती म्हणाली. "याला द्या तुमचे पंचवीस टक्के. आता मला तपासा."

मी आयुष्यात नाना तऱ्हेच्या जमिनी बघितल्या होत्या, पण टेबलावर कधी गेलो नव्हतो. वरून जग फार वेगळं दिसतं. कोपऱ्यातला कारकून म्हणाला की बाई, टेबलावर पायातलं ठेवायचं नसतं. मालकिणीनं विचारलं, मग कागदावर त्याचीच चाल कशी काय लिहिली?

डॉक्टर म्हणाले, बाहेर अजून तीस माणसं आहेत. पुढचा नंबर ज्याचा होता तो दोन कुबड्यांवरचा गृहस्थ एव्हाना दारात आला होता. "मला घाई नाही," तो म्हणाला. "तीन महिने थांबलोय, आणखी दहा मिनिटांत काय म्हातारा होतो?" आणि चौकटीला पाठ टेकवून, दोन्ही कुबड्या आडव्या धरून तो दारातच उभा राहिला. आता आत कुणी येईना आणि बाहेरही कुणाला जाता येईना.

नाइलाजानं डॉक्टरांनी मोजायचं ठरवलं, तर खोलीत टेप नव्हती. टेप मागवण्यात आली होती, असं कारकून म्हणाला. कुबड्यांखालून वाकून काका आत आले. त्यांनी टेबलावर मला बघितलं, फायलीतली ओळ बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला. तो चेहरा मी विसरणार नाही.

"पोरी, मी जरा ढिला ठेवायला हवा होता गं."

"काका, तुमचं काही चुकलं नाही," मालकीण म्हणाली. "एक शब्द बोलू नका तसलं."

काकांनी नाक पुसलं आणि कामाला लागले. कपाटातून त्यांनी एक फाईल ओढली आणि तिच्या उघड्या डाव्या पायाखाली सरकवली. मग दुसरी. मग तिसरी. दोन्ही अंगठे तिच्या कमरेच्या हाडांवर टेकवून, एक डोळा मिटून ते बघत होते. कारकून धावत आला. अहो, ती प्रलंबित प्रकरणं आहेत.

"मग कुठं जातायत ती," काका म्हणाले, आणि चौथी घातली.

अकराव्या फायलीला तिची कंबर सपाट झाली. सरकारी कागदांच्या ढिगावर एक पाय ठेवून मालकीण उभी होती, मान ताठ. त्या दिवशी पहिल्यांदाच डॉक्टर खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि जमिनीवर गुडघे टेकले. त्यांनी पट्टीनं ढीग मोजला, सहा सेंटिमीटर आणि वर थोडं. मग तिच्या कमरेला एका ठिकाणी बोटानं दाबलं. तीन महिने जिनं उफ् केलं नव्हतं तिनं श्वास आत ओढला, आणि तो बराच वेळ बाहेर येईना.

"किती वेळ उभं राहता रोज?"

"आधी अर्धा दिवस. तुमचं पत्र आल्यापासून पूर्ण."

डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. लिहिलेली ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला घेतलं. या खेपेस त्यांना बराच वेळ लागला.

पाच आठवड्यांनी कागद आला. पंचेचाळीस टक्के, भत्ता पुन्हा सुरू. थांबलेल्या महिन्यांबद्दल अक्षर नाही. त्यासाठी तिनं त्याच दिवशी अर्ज दिला. दर सोमवारी ती कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन विचारते आणि दर सोमवारी तिला सांगतात, कळवण्यात येईल. ती म्हणते, ठीक आहे, सोमवारी येते. आता आम्हाला येताना बघितलं की तो खिडकीवाला पाणी प्यायला उठतो. दुपारची खुर्ची मात्र घरच्या खिडकीपाशी परत आली आहे.

त्या कागदावर माझाही उल्लेख आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हरखलो. एवढी वर्षं राबलो, शेवटी सरकारनं दखल घेतली. मग भावानं ओळ पुरती वाचली. तपासणी, डावा बूट वगळून. घ्या. नाला पोहलो, भामटा उडवला, आणि सरकारदरबारी माझी नोंद काय, तर वगळून. पण रागावून सांगतो कुणाला? तेवढे तीन शब्द त्या कागदात आधीपासून असते, तर ती पंचवीस टक्क्यांची ओळ लिहिलीच गेली नसती.

आता माझं बूच भुसभुशीत झालंय, चामडं वळणावर फाटलंय. काका नवा डावा बांधतायत. मालकिणीनं त्यांना बजावलंय, कणभरही ढिला नको. पुढची तपासणी दोन वर्षांनी आहे. हाड सुधारत नाही, पाय वाढत नाही, पण तपासणी चुकत नाही.

त्या नव्याला माझं एवढंच सांगणं आहे. तुला त्या बोळातून जायचंय. एकही पाऊल वाकडं टाकू नकोस. टाच वाजव, चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि आत गेल्यावर ती तुझी नाडी सोडायला वाकली, की घाबरू नकोस. तुझं काम संपलं. आता ती बोलणार आहे.