पाच मिनिटं तोंड बंद

मी एक जुना सॉफ्टबोर्ड आहे. लाकडी चौकट, आत दाबलेल्या भुशाचा पुठ्ठा, वर हिरवं कापड, आणि अंगभर टाचण्यांची भोकं. मित्रांनो, टाचण्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांबद्दल, आणि मी काही गोड बोलणार नाही.

सुताराने मला घडवलं आणि डिझाइन कॉलेजच्या कार्यशाळेच्या खोलीत टांगलं. तिथल्या बाई दर सत्रात बाहेरचं खरं गिऱ्हाईक बोलवायच्या. कधी सायकल दुरुस्त करणारा यायचा, कधी पाळणाघर चालवणारी. मुलांनी त्यांच्यासाठी पत्रक, पाटी असं काही करायचं, खऱ्या मापात छापून माझ्यावर टाचायचं आणि बाजूला उभं राहायचं.

"पहिली पाच मिनिटं तोंड बंद!" बाई म्हणायच्या. "दुकानात तुमचं पत्रक लागेल, तेव्हा समजावून सांगायला तुम्ही जाणार आहात का?"

मुलं ओठ चावत उभी राहायची, गिऱ्हाईक माझ्यापुढे डोकं खाजवायचं, आणि काम सुधारायचं. तेव्हा मला मान होता.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे विभागप्रमुख आले. भिंतीवर मोठा पडदा आला, मी कोपऱ्यात गेलो. आणि गिऱ्हाईक म्हणून कोण यायला लागलं? साहेबांचा साडू! एका वर्षी तो हॉटेलवाला बनून यायचा, पुढच्या वर्षी प्रवास कंपनीचा मालक बनून. खुर्चीत रेलून बिस्किटं हाणायची आणि प्रत्येक कामाला "वा, फारच छान!" म्हणायचं. मग फोटो. शी! त्या कौतुकाचा मला वीट आला होता.

एकदा मात्र खरं गिऱ्हाईक आलं. औषधाच्या दुकानातल्या ताई, सोबत त्यांचे थकलेले वडील. ताई दोन औषधं स्वतः बनवायच्या. एक खोकल्याचं, प्यायचं. दुसरं गुडघ्याला चोळायचं, पोटात गेलं तर विषच. बाटल्या मात्र सारख्याच.

लेबलं केली होती एका चष्मेवाल्या मुलीने. पडद्यावर लेबलं झळकली. दोन्ही फिकट हिरवी, अक्षरं बारीक, करडी. बिस्किटांसाठी त्याही दिवशी हजर असलेला साडू म्हणाला, "वा!" टाळ्या पडल्या.

"बाटलीवर केवढं दिसेल, ते दाखव ना गं," ताई म्हणाल्या.

मुलीने ते कधी छापूनच पाहिलं नव्हतं. पळत जाऊन तिने दोन बोटभर कागद छापून आणले आणि माझ्यावर टाचले.

"बाबा, खोकल्याचं कुठलं, दाखवा बरं."

बाबा पुढे आले, डोळे बारीक केले आणि बोट ठेवलं ते चोळायच्या औषधावर.

मुलगी पांढरीफटक पडली. साहेब हसून म्हणाले, "आजोबांचे डोळे अधू आहेत हो! डिझाइन अप्रतिमच आहे." मला शिसारी आली. अहो, अधू डोळ्यांची माणसंच ते औषध घेणार ना!

पोरगी मात्र गुणाची. चार दिवस ताईंच्या दुकानात जाऊन बसली, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना कागद दाखवत राहिली. मग नवी लेबलं माझ्यावर टाचली. पांढऱ्यावर मोठा चमचा, काळ्यावर पिवळा गुडघा. बाईंचा नियम तिला कुणी सांगितला नव्हता, तरी ती गप्प उभी राहिली.

ताई बाबांना पुन्हा घेऊन आल्या. बाबांनी लगेच चमच्यावर बोट ठेवलं. "याला काय चष्मा लागतो?"

आमच्याच खोलीत भरलेल्या वार्षिक प्रदर्शनात साहेबांनी काय लावावं? तीच हिरवी लेबलं, भिंतभर मोठी करून! पाहुणे माना डोलवत होते. चष्मेवाली पुढे झाली आणि सगळ्यांदेखत तिने तो कागद उतरवला.

"हे माझंच काम आहे," ती म्हणाली. "यावर विसंबून एक आजोबा विष प्यायले असते. खरं काम त्या कोपऱ्यात आहे."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पाहुण्यांसमोर तिच्यावर ओरडता येईना, म्हणून राग माझ्यावर निघाला. "हे जुनाट धूड आधी इथून हलवा!" तेव्हापासून मी जिन्याखाली आहे, बादल्या आणि फडक्यांच्या संगतीत.

मित्रांनो, मला पुन्हा टांगा असं मी म्हणत नाही. पण तुमचं काम ज्याला वापरायचं आहे, त्याच्यापुढे एकदा ठेवा आणि गप्प राहा. 'वा' म्हणणारा साडू प्रत्येकालाच भेटतो.

तिची लेबलं अजून माझ्या अंगावर आहेत. काल झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घ्यायला वाकल्या. अंधार होता, चष्मा घरी राहिलेला. माझ्याकडे पाहून सहज म्हणाल्या, "हे प्यायचं, हे चोळायचं," आणि बादली घेऊन गेल्या.