लाटसाहेब सुकले का?

मी तंबू बोलतोय. जमिनीत खुंट्या ठोकून उभा करतात तो नव्हे, गाडीच्या टपावर बसणारा. टपावरच माझी घडी उलगडायची, शिडी खाली टेकवायची आणि वर चढून झोपायचं. खाली मुंग्या असोत, साप असोत, चिखल असो, आपल्याला काय त्याचं! जमिनीवरच्या तंबूंना बघून मी पूर्वी नाक मुरडायचो, हे कबूल करतो. आता मुरडायला तोंड राहिलेलं नाही. सध्या मी कडिना गावातल्या एका परसात पत्र्याच्या शेडला टेकून पडलोय आणि माझ्या दक्षिणेकडच्या भिंतीवर काळी बुरशी चढली आहे. ती कशी चढली, तेच सांगायचंय.

माझा जन्म झाला तो कारखाना म्हणजे एक लांबट खोली, शिलाईची मशिनं आणि वेस्ना नावाची बाई. वेस्ना तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं हवेतच जायचं. पण नेव्हिल नोस्के, म्हणजे आमचा नेव्ह, आणि त्याची बायको ग्लेनिस मला न्यायला आली, तेव्हा तिनं टाचण्या काढून ठेवल्या. नवा कॅनव्हास आधी पाण्यानं भिजवायचा, सुकवायचा, पुन्हा भिजवायचा, म्हणजे धागा फुगतो आणि सुईची भोकं आपोआप बुजतात, असं तिनं समजावलं. मग तिनं बोट उगारलं.

"आणि ओला मिटायचा नाही. कधी म्हणजे कधीच नाही. आतून कुजेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

नेव्हनं मान डोलावली. त्याचा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला होता. शेवटच्या पोरानं पट्टा लावल्याशिवाय त्याची बस जागची हलली नाही, मग शाळेची घंटा होवो नाहीतर मुख्याध्यापक दारात उभे राहोत. असा माणूस नियम ऐकतो तेव्हा तो नियम त्याच्या हाडात जाऊन बसतो. घरी नेल्यावर त्यानं मला इतक्या वेळा भिजवलं आणि सुकवलं की शेजाऱ्यांना वाटलं, हा तंबूचं बारसं करतोय.

आता माझी एक अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते. जमिनीवरचा तंबू वेळ पडली तर टाकून पळता येतं. मी गाडीच्या डोक्यावर. मी मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि मी सुकल्याशिवाय नेव्ह मला मिटत नसे.

थंडीत आम्ही डोंगरातल्या रानात मुक्कामाला जायचो, आणि रानातली थंडी म्हणजे पहाटेचं दव आलंच. सकाळी मी चिंब असायचो. नेव्ह शिडी चढून माझ्या भिंतींना एकेक करून गाल लावायचा. हाताला फसवता येतं, गालाला नाही, असं त्याचं म्हणणं. दक्षिणेची भिंत सगळ्यात शेवटी सुकायची, कारण पृथ्वीच्या आमच्या दक्षिण अर्ध्यात सूर्य उत्तरेकडून जातो, तिकडे ऊन येतच नाही. तोवर बाकीच्यांच्या गाड्या धूळ उडवत निघून जायच्या आणि आमचं आपलं चाललेलं.

ग्लेनिस खाली घडीच्या खुर्चीत पांघरूण घेऊन, पत्र्याच्या मगातून चहा पीत बसायची. आयुष्यभर बेकरीत पेस्ट्या, म्हणजे खिम्याच्या करंज्या, भरलेल्या त्या बाईला रिकामं बसायची सवय नव्हती, पण बसायची. मधूनच वर बघून विचारायची, "लाटसाहेब सुकले का?"

लाटसाहेब म्हणजे मी. मला ते नाव आवडायचं.

"दक्षिण अजून गार आहे," नेव्ह सांगायचा.

"मेल्या, इतक्या वेळा माझ्या गालाला कधी गाल लावलास का रे?"

मग तो शिडी उतरून खरंच तिच्या गालाला गाल लावायचा आणि म्हणायचा, "हाही ओलाच आहे. थांबावं लागेल."

पबमधले मित्र नेव्हची टर उडवायचे. कोंबडीसारखा माळ्यावर झोपतोस, सकाळी अंडं देतोस की नाही, असं विचारायचे. ग्लेनिसही शिडी चढताना गुडघे धरून कण्हायची, या वयात लोक शिड्या उतरतात आणि आम्ही चढतोय म्हणायची. पण वर आली, झिप उघडली आणि कोरड्या ओढ्यातली ती पांढऱ्या खोडांची निलगिरीची झाडं दिसली की गप्प व्हायची. त्या डोंगरातला तो ओढा तिचा लाडका होता. मी गेल्यावर मला इथेच सोडा, पाणी येईल तेव्हा जाईन वाहत, असं ती हसत सांगायची. नेव्ह तेवढ्यापुरता बहिरा व्हायचा.

आणि मग ती सकाळ आली.

रात्री ग्लेनिसनं चॉप्स भाजले होते, फ्रूट केकचा मोठा तुकडा खाल्ला होता. सकाळी उठली ती जबडा चोळतच. डावा हातही जड झालाय म्हणाली. उशीला दोष दिला, मग चॉप्सना दिला. नेव्हनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "निघू या का घरी?"

"निघू की. पण घाई नको. त्याला सुकू दे. ओला मिटलास तर वर्षभर तुझी कुरकुर मलाच ऐकावी लागेल."

"खरंच थांबू?"

"काही नाही रे मला. सुकू दे."

त्या दिवशी दरीत धुकं होतं आणि ऊन डोंगराआडून वर येईना. नेव्ह शिडी चढायचा, गाल लावायचा, उतरायचा. ग्लेनिस खुर्चीत बसून होती. मगातला चहा निवून गेला तरी तिनं तो तोंडाला लावला नव्हता. मला हे वरून दिसत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी भिजलेलं कापड, माझ्या हाती ठिबकण्यापलीकडे काय होतं! सुकायची मी आयुष्यात इतकी घाई कधी केली नव्हती, आणि त्या दिवशी मी कधी नव्हे इतका हळू सुकलो.

एकदाच तिनं वर बघितलं. "लाटसाहेब सुकले का?" आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"झालंच," नेव्ह म्हणाला. दक्षिणेची भिंत गालाला ऊबदार लागली, तेव्हाच त्यानं मला मिटलं. घडी अगदी सरळ घातली, पट्टे आवळले, वरचं आवरण लावलं. मग तिला हात धरून गाडीत बसवलं.

दवाखाना दूर होता, रस्ता खडीचा. वाटेत गाडी अचानक थांबली. खाली काय चाललंय ते मला आवरणाखालून दिसत नव्हतं. नेव्ह तिचं नाव घेत होता, एवढं ऐकू आलं. आधी हाक मारल्यासारखं, मग विनवल्यासारखं. मग पुन्हा गाडी सुरू झाली, आणि ती फार हळू चालत होती. तेव्हा मला कळलं, आता घाईचं कारण उरलं नव्हतं.

त्या सकाळी आपण मी सुकेपर्यंत थांबलो, हे नेव्हनं कुणालाच सांगितलं नाही. मुलगी केरिन दुसऱ्या गावाहून धावत आली, तिला त्यानं एवढंच सांगितलं की सकाळी आईला बरं वाटेना म्हणून निघालो. मला त्यानं टपावरून काढून शेडच्या आढ्याला दोरांनी टांगलं. तिथे मी टांगलेलाच राहिलो. माझ्यावर धूळ बसली, कोळ्यांनी घरं केली. खाली नेव्ह हातोडा शोधायला यायचा, पण मान वर करायचा नाही.

एकदा केरिननंच गिऱ्हाईक आणलं. बाबाला बघवत नसेल तर ठेवायचा कशाला, असा तिचा सरळ विचार. गिऱ्हाईक भला माणूस होता. त्यानं मला उघडलं, आत डोकं घालून वास घेतला, शिवणींवरून बोट फिरवलं.

"वा! एक डाग नाही," तो म्हणाला. "ओला कधी मिटलेलाच दिसत नाही. फार जपलंय हो तुम्ही."

नेव्हचा चेहरा राखेसारखा झाला. तंबू विकायचा नाही म्हणाला आणि घरात निघून गेला. केरिन बिचारी त्या माणसाची माफी मागत राहिली. तिला वाटलं, बाबाचा जीव आईच्या आठवणीत अडकलाय. अडकला होता तो माझ्या स्वच्छपणात. आयुष्यात माझी एवढी स्तुती कुणी केली नसेल, आणि त्या दिवशी मी फाटका, कुजका का नाही, असं मला वाटलं.

पुढे केरिननं हट्टच धरला. आईच्या अस्थींचा डबा स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी किती दिवस ठेवायचा? तिला ओढा हवा होता ना, मग चल. नेव्हनं सबबी सांगितल्या, गुडघे पुढे केले, कोंबड्यांना कोण बघणार म्हणाला. केरिन त्याचीच मुलगी. तिनं मला स्वतःच्या गाडीवर चढवलं.

संध्याकाळी दोघांनी ग्लेनिसला त्या कोरड्या ओढ्याच्या वाळूत सोडलं. वरून गुलाबी काकाकुव्यांचा थवा ओरडत गेला, आणि केरिन म्हणाली, आई असती तर म्हणाली असती, मेल्यांना आत्ताच कंठ फुटला. नेव्ह थोडा हसला. झोपायला मात्र तो वर आला नाही. खाली वाळूवर बिछाना उलगडून पडला. माझ्यात केरिन झोपली.

सकाळी मी चिंब भिजलो होतो. केरिन खांदा चोळत शिडी उतरली. मान धरलीय म्हणाली, हातापर्यंत ठणका जातोय, उशीच तसली. मग बापाच्या वळणाप्रमाणे तिनं माझ्या भिंतीला गाल लावून बघितला, चहा घेतला, पांघरूण ओढून घडीच्या खुर्चीत बसली आणि आईचा आवाज काढून विचारलं, "काय हो, लाटसाहेब सुकले का?"

नेव्हच्या हातातून किटली पडली.

"मिटू या," तो म्हणाला.

"अरे, ओला आहे. दक्षिण तर नुसती गळतेय."

"असू दे."

"बाबा, तूच ना जन्मभर..."

"तुझी आई अशीच बसली होती, केरिन. जबडा चोळत. म्हणाली, काही नाही, सुकू दे." तो थांबला. "आणि मी सुकू दिला. ऊन येईपर्यंत. दक्षिणेची भिंत सुकेपर्यंत मी शिडीवर होतो आणि ती खाली."

केरिननं पांघरूण बाजूला केलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि चालायला लागेल. पण ती म्हणाली, "आई कुणाचं ऐकणारी होती का?"

"ऐकायचं काय त्यात! उचलून गाडीत घालायची होती."

तिनं चहाचा मग खाली ठेवला. त्याला 'तुझी चूक नाही' म्हणाली नाही. डोळे पुसले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन माझा पट्टा हातात घेतला. "धर तिकडून," म्हणाली.

त्यांनी मला ओलाच मिटलं. माझ्यातलं पाणी पिळून काचेवरून ओघळलं. गादी भिजली, पांघरुणं भिजली. घडी वाकडी बसली, तिच्यावरच आवरण ओढलं आणि शेवटचा पट्टा खटकन बसला. नेव्हचा हात त्या पट्ट्यावरच राहिला.

"एवढाच वेळ लागला असता," तो म्हणाला. "एवढाच गं, केरिन." आणि माझ्या अंगाला कपाळ टेकून तो रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला रडताना ऐकलं. केरिन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग तिलाही आवरेना.

दवाखान्यातल्या नर्सनं केरिनला तपासलं, छातीला हृदयाची यंत्रं लावली. हृदय ठीक होतं, मानच धरली होती. चोळायला मलम दिलं. केरिननं 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हटलं नाही.

घरी पोचल्या पोचल्या मला उघडून वाळत घालायला हवं होतं. केरिन पट्ट्याला हात घालतही होती. नेव्ह म्हणाला, राहू दे, आधी चहा कर. चहावर ग्लेनिसच्या गोष्टी निघाल्या. इतकी वर्षं त्या घरात तिचं नावसुद्धा निघत नव्हतं, आता दोघं थांबेनात. केरिन राहिली. दिवस गेले, मध्ये पाऊस झाला, आणि मी तसाच मिटलेला राहिलो.

उघडलं तेव्हा वेस्नाचं बोलणं खरं ठरलं होतं. केरिन ओशाळली, व्हिनेगर आणि ब्रश घेऊन आली. नेव्हनं तिला थांबवलं. तो जवळ आला आणि त्या काळ्या डागांवर त्यानं गाल टेकवला.

"छान," म्हणाला. बस्स, एवढंच. त्याला टोचणारा माझा स्वच्छपणा एकदाचा गेला होता.

माझी शिडी त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला लावली आहे. पबमधले मित्र आता काय म्हणतील ते म्हणोत. उरलेला मी उद्या गावाबाहेरच्या कचऱ्यात जाणार. वाईट वाटतं. सुईची भोकं बुजावीत म्हणून माणसांनी मला इतकं भिजवलं, सुकवलं, जपलं, आणि शेवटी मी कुजलो.

पण जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी खुर्चीत बसून म्हणत असेल, मला काही नाही, तुझं होऊ दे सावकाश. त्याचा चहा निवलाय का, तेवढं बघा. निवला असेल, तर हातातलं जे असेल ते ओलंच मिटा आणि निघा.

लाटसाहेबांचं काय, त्यांची वाट बघायची काही गरज नव्हती.