आतली कडी

डिझायनरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची स्टाईल कोणती?" आणि आमच्या घरात ज्यांनी जन्मात कधी कांदा चिरला नाही, त्या सगळ्यांना एकदम कंठ फुटला.

नवऱ्याला मिनिमल हवं होतं. म्हणजे ओट्यावर काही म्हणजे काही दिसता कामा नये. "मग भांडी कुठे जाणार?" मी विचारलं. "आत," तो म्हणाला. स्वतःचे मोजे सोफ्याखाली ठेवणारा माणूस हा. लेकीला इंडस्ट्रियल हवं होतं, उघड्या विटा, उघडे पाइप, काळे दिवे. आमच्या स्वयंपाकघरात पाइप उघडेच होते, पण ते गळायचे, म्हणून बहुधा स्टाईलमध्ये धरले जात नसावेत. एका बाबतीत मात्र बापलेकीचं एकमत होतं. मधली भिंत पाडायची, दार काढून टाकायचं, ओपन किचन करायचं.

"म्हणजे तू आत एकटी पडणार नाहीस," नवरा प्रेमानं म्हणाला.

मला एकटंच तर पडायचं होतं.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. गाल सुजलेली माणसं दिवसभर माझ्याकडे अशी बघतात, की जणू त्यांची दाढ मीच किडवली. घरी यावं तर हॉलमध्ये टीव्ही, लेकीचा फोन, सासूबाई आणि 'अगं, ऐक ना'. मग मी "स्वयंपाकाला लागते" म्हणत आत जायचे, दार लोटायचे, वाकून कडी घालायचे आणि पिठाच्या डब्यावर बसून चहात बिस्किटं बुडवायचे. बाहेर काम चाललंय असं वाटावं म्हणून अधूनमधून रिकाम्या पातेल्यात डाव आपटायचे. वाकून अशासाठी, की त्या दाराची कडी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. कुठल्या अकलेच्या कांद्यानं ती तिथे बसवली, हे लग्न होऊन आल्यापासून मला पडलेलं कोडं होतं.

माझं दार वाचवायचं होतं, पण कारण सांगणार काय? 'तुमच्यापासून पाव तास सुटका हवी' हे दुष्ट माणसांना तोंडावर सांगता येतं. माझ्या घरातली माणसं पडली प्रेमळ. म्हणून मी म्हटलं, वास पसरेल. "चिमणी बसवू," डिझायनरबाई म्हणाल्या. मी म्हटलं, पसारा दिसेल. "म्हणून तर मिनिमल!" नवरा म्हणाला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या बोलत नाहीत, नुसत्या बघतात, आणि त्या बघण्याची मला आजवर धास्ती वाटत आली आहे.

शेवटी डिझायनरबाईंनीच तोड काढली. "भिंत नंतर पाडू. आधी आठवडाभर नुसतं दार काढून राहून बघा." सुतार आला, बिजागऱ्या सोडवल्या आणि माझं दार बाल्कनीत नेऊन उभं केलं.

पहिल्या संध्याकाळी मी सवयीनं डब्यावर बसले, बिस्किट उचललं आणि मान वर केली. सोफ्यावरून तीन माणसं माझ्याकडे बघत होती.

"बरं वाटत नाही का?" नवऱ्यानं विचारलं. मी उठले आणि एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

मग सुरू झालं उंटावरून शेळ्या हाकणं. "गॅस बारीक कर." "मीठ जरा जास्त पडलं का गं?" इतक्या लांबून! लेकीनं माझा कांदा चिरतानाचा व्हिडिओ काढला आणि त्याला रडकं गाणं लावलं. सासूबाईंनी तर खुर्चीच फिरवून घेतली, टीव्हीकडे पाठ आणि रिकाम्या चौकटीकडे तोंड. एकदा भांडी लावता लावता मी पातेल्याला म्हटलं, "यांना काय, बसल्या जागी बघायला काय जातंय!" टीव्हीचा आवाज नेमका तेव्हाच बंद होता.

शेवटचा उपाय म्हणून मी कोरड्या तव्यावर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. सगळं घर खोकून खोकून लाल झालं. नवऱ्यानं धावत खिडक्या उघडल्या, डोळे पुसले आणि म्हणाला, "बघ, ओपन असल्यामुळे धूर कसा पटकन गेला!"

आठवडा संपल्यावर डिझायनरबाई टेप घेऊन हजर झाल्या. नवऱ्यानं लोकशाही पद्धतीनं मतं घेतली. ओपनच्या बाजूनं दोन हात वर. मी एकटी विरुद्ध. मी आशा सोडलीच होती.

"दार पाहिजे," सासूबाई म्हणाल्या.

"का गं आई?"

"ठसका लागतो."

"अगं, चिमणी बसवणार आहोत ना."

"चिमणीचं नको सांगूस मला. दार पाहिजे."

"मग दोन विरुद्ध दोन झाले," नवरा म्हणाला.

"स्वयंपाक कोण करतं? तिचं मत दुप्पट धर."

नवऱ्यानं वर केलेला हात खाली घेतला. लेक फोनमध्ये बघू लागली.

संध्याकाळी चहा घेऊन मी बाल्कनीत गेले. सासूबाई टेकवून ठेवलेल्या दारापाशी उभ्या होत्या.

"आई, तुम्ही आठवडाभर माझ्याकडे बघत होतात, मला वाटलं..."

"तुझ्याकडे काय बघायचंय गं? चौकटीकडे बघत होते. भुंडी दिसत होती." त्या वाकल्या आणि कडी सरकवून बघितली. "ही मीच बसवून घेतली. दाराला पाठ लावून जमिनीवर बसायचे मी. उठून कडी घालायचंही त्राण नसायचं. बसल्या बसल्या हात पोचावा म्हणून इतकी खाली."

"आणि बाहेरच्यांना काय सांगायचात?"

"रिकाम्या पातेल्यात डाव आपटायचे."

मी हातातला कप कठड्यावर ठेवला.

"तुझा डाव फार सारखा वाजतो," त्या म्हणाल्या. "खरं काम असं वाजत नाही. मीच टीव्हीचा आवाज वाढवायचे, म्हणून निभावलं तुझं."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, मग म्हणाल्या, "तू आलीस, स्वयंपाकघर तुझ्या हातात दिलं. त्याचं कधी काही वाटलं नाही. दाराचं वाटलं."

मला फार वाईट वाटलं. मी मेली रोज घरात आले की कडी घालत होते, ती यांच्याच जागेला, यांनाच बाहेर ठेवून.

आता नवऱ्याच्या हौशीची पांढरी कपाटं झाली आहेत. त्यांना मुठी नाहीत, त्यामुळे तो अजून चहाची पूड शोधतोय. लेकीचा काळा दिवाही लागला. दार परत बसवताना सुतारानं विचारलं, "कडी कुठल्या बाजूनं?"

"आतून," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"उंची?"

मी नवी आणलेली दोन स्टुलं पुढे केली. आई एकावर टेकल्या आणि त्यांनी हात लांब केला. "इथे."

हल्ली संध्याकाळी डाव त्याच आपटतात. दोनदा पटपट, मग बराच वेळ काही नाही, मग एकदा जोरात. बाहेरून नवरा ओरडतो, "दोघी किती राबता गं!"

"बघ," आई बिस्किट बुडवत म्हणतात, "असं वाजतं खरं काम."