माझा वाकडा पाय सरळ करू नका

हो, मीच बोलतोय. अंगणाच्या कोपऱ्यात उभा असलेला, हिरव्या दाराचा, मागचा डावा पाय वाकडा असलेला ट्रेलर. येणारा-जाणारा त्या पायाकडे बघून चुकचुकतो. चुकचुकायचं काही कारण नाही. मी लंगडा नाही. मी चाकांवर चालतो. पाय मला फक्त उभं राहण्यापुरते लागतात.

आज माझी चाकं काढायचं ठरलंय. खाली पक्का चौथरा बांधून माझी अडगळीची खोली करणार आहेत. विटा आल्या आहेत, जॅक आला आहे. म्हणून आजच बोलून घेतो. नंतर अडगळीचं कोण ऐकतं?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकीकडून नुसता लोखंडी सांगाडा आत जायचा आणि दुसरीकडून दारं-खिडक्या लावलेला ट्रेलर बाहेर पडायचा. पत्र्याच्या भिंती, आत प्लायवूड, दोन चाकं, आणि उभं असताना तोल सांभाळायला चार कोपऱ्यांना हँडल फिरवून खाली-वर करायचे चार पाय. सगळ्यात शेवटी एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझं दार सात वेळा उघडलं, लावलं. सातव्यांदा ते त्यांच्या बोटांवर आपटलं. “हट्टी आहे हा,” असं म्हणून त्यांनी मला पास केलं. तो शेरा मी आजवर मिरवतोय.

मग आठ महिने मी विक्रेत्याच्या आवारात उभा होतो. लोक यायचे, बुटांसकट माझ्या गाद्यांवर आडवे व्हायचे, नळ उघडून बघायचे, “छान आहे, पण दार हिरवं आहे,” म्हणायचे आणि निघून जायचे. माझं दार हिरवंच राहिलं.

एके दिवशी एक जुनी व्हॅन येऊन थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. एक आजोबा, एक आजी, त्यांचा बस चालवणारा मुलगा, सूनबाई, शाळेत शिकवणारी आत्या आणि पाच मुलं. माझ्या दारावर ‘सहा जणांसाठी’ अशी पट्टी होती. आत्याने ती मोठ्याने वाचली.

“मुलं बारीक आहेत,” ड्रायव्हर म्हणाला. दहा मिनिटांत त्याचं माझ्यावर मन बसलं होतं.

आजोबांनी मात्र मला बघताक्षणी नाक मुरडलं. ते गवंडी. राहतं घर त्यांनी स्वतः वीट न् वीट रचून उभं केलेलं. त्यावर आणखी दोन खोल्या चढवायचा त्यांचा बेत होता आणि पोराने त्या खोल्यांऐवजी मला पसंत केलं.

“घराला चाकं नसतात,” ते म्हणाले. “चाकं असली की ती गाडी. आणि गाडीत झोपायचं नसतं, झोपलं की अपघात होतो.”

“अण्णा, एकदा जाऊन तर बघू. तुम्हाला नाही पटला तर परत देऊ.”

विक्रेत्याने मान डोलावली. सात दिवसांत पसंत नाही पडला तर परत घेईन, पण जसा नेला तसाच आणायचा. एक पोचा जरी दिसला तरी ट्रेलर तुमचा.

“एकच सहल,” आजोबांनी बोट वर केलं. “मग मी म्हणेन ते. हा डबा सोमवारी इथे परत आलेला असेल, लिहून घ्या.”

डबा! आठ महिने कुणी माझा इतका अपमान केला नव्हता. तेव्हाच मी ठरवलं, या म्हाताऱ्याला नमायचं नाही.

शुक्रवारी दुपारी निघालो. आजोबांनी खांद्यावर त्यांची कामाची पिशवी अडकवली होती. थापी, ओळंबा, लेव्हल, सगळं आत.

“अण्णा, सहलीला थापी कशाला?” सूनबाईंनी विचारलं.

“डॉक्टर सहलीला जाताना हात घरी ठेवून जातो का?”

व्हॅनमध्ये मागच्या सीटखाली गुरुवारच्या कामातलं झटपट पकडणारं सिमेंटही अर्धी पिशवी उरलेलं होतं. ते कुणी उतरवलं नाही. या घरात सिमेंट कुठेही सापडतं, जसं दुसऱ्या घरात खेळणी सापडतात.

आणि या घराची दुसरी खोड ड्रायव्हरची. अठरा वर्षं बस चालवून त्याच्या अंगात घंटा भिनली होती. कंडक्टरची दोनदा घंटा झाली की निघायचं. घरच्या व्हॅनलाही त्याचा तोच नियम. कुणीतरी पत्र्यावर ‘ठक ठक’ केल्याशिवाय तो ब्रेक सोडत नसे, आणि एकदा ठक ठक झालं की मागे वळून बघत नसे. “मागचं बघणं कंडक्टरचं काम,” तो म्हणायचा. ठक ठक कुणी करायचं यावरून मुलांत मारामारी व्हायची. त्या दिवशी पाळी शेंडेफळाची होती. सहा वर्षांची, जिभेला क्षणाची विश्रांती नसलेली पोरगी. तिने माझ्या पत्र्यावर इवल्याशा मुठीने ठोकलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुटुंबासोबत रस्त्याला लागलो. काय सांगू तो आनंद! माझ्या आतल्या कपबशासुद्धा नाचत होत्या.

जागा तळ्याकाठी होती. मोकळं मैदान, उंच झाडं, एक नळ आणि विटांची एक ढासळलेली चूल. जमीन मागे डावीकडे जरा उतरती होती. ड्रायव्हरने माझे चारही पाय खाली केले आणि त्या डाव्या पायाखाली एक फळी सरकवली. झालं, म्हणाला.

झालं कसलं! संध्याकाळी वारा सुटला आणि दहाच्या दहा माणसं जेवायला माझ्या पोटात शिरली. एकजण मीठ घ्यायला उठला की नऊजणांचं सूप हिंदकळायचं. मुलांना मजा वाटत होती. आजोबा म्हणाले, “मी काय सांगत होतो? डबा आहे डबा.” मी वरच्या कपाटाचं दार सोडलं आणि एक पातेलं त्यांच्या डोक्यात पडलं. हो, मुद्दाम.

पण आजीचं वेगळं होतं. आल्या आल्या तिने माझी तळ्याकडची खिडकी धरली होती. घरच्या तिच्या स्वयंपाकघरालाही खिडकी होती, खुद्द आजोबांनीच बसवलेली, पण ती उघडली की समोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. चाळीस वर्षं ती त्या भिंतीकडे बघून भाजी चिरत आली होती. कुठे जायचं निघालं की आजोबा म्हणायचे, “हे एक काम संपू दे, मग जाऊ.” काम काही संपलं नाही.

माझ्या खिडकीशी ती अर्धा तास बसली. मग तिने डोळे मिटून कपाळ धरलं.

“देऊन टाका रे परत,” ती हळूच म्हणाली. “फार हलतं. मला गरगरतं. माझ्याच्याने नाही व्हायचं.” आणि तिने स्वतःच्या हाताने पडदा ओढून घेतला.

ड्रायव्हरचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता आजोबा मिशीत हसणार. ते जिंकले होते. पण ते हसले नाहीत. त्या ओढलेल्या पडद्याकडे बघत बसले.

शनिवारी उजाडता उजाडता ते एकटे बाहेर आले. माझ्या फरशीवर लेव्हल ठेवली, आतला बुडबुडा बघून तोंडाने ‘च्यक’ केलं. मग ढासळलेल्या चुलीच्या विटा आणल्या, बादलीत सिमेंट कालवलं, माझा डावा पाय वर घेतला आणि त्याच्याखाली चार विटांचा चौथरा रचला. वर पाय टेकवून त्याची लोखंडी चकती चारी बाजूंनी सिमेंटात बसवली. सुटी वीट ठेवून उठणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं.

माझा संताप संताप झाला. मला पाया? चाकांवर जन्मलेल्या मला? मी पाय झटकून पाहिला, पण म्हाताऱ्याच्या हाताला कस होता.

दारात शेंडेफळ उभी होती. “आजोबा, काय करताय?”

“काही नाही. तू काही पाहिलं नाहीस.”

“पाहिलं की!”

“मग कुणाला सांगू नकोस.” त्यांनी चौथऱ्यापुढे बादली उभी करून ठेवली.

त्या दिवशी मी हललो नाही. मुलं उड्या मारत होती तरी नाही. दहा वाजता आजीने पडदा जरासा सरकवला. मग पूर्ण सरकवला. तिने दोन कप चहा घेतला आणि दुपारपर्यंत तळं बघत बसली.

“अहो, आज हलत नाही हो,” ती म्हणाली.

“सवय झाली असेल,” आजोबा दुसरीकडे बघत म्हणाले.

मी रागावलेलाच होतो, पण तिचा चेहरा बघून राग धरून ठेवणं मला जड जात होतं, हे कबूल करतो. आजोबा मात्र शब्दाचे पक्के. संध्याकाळी पुन्हा म्हणाले, “सोमवारी परत. ठरलंय ते ठरलंय.” आजी खिडकीच्या चौकटीवरून नुसता हात फिरवत राहिली.

रविवारी सकाळी निघायची गडबड. ड्रायव्हरने माझे तीन पाय वर घेतले. चौथ्याकडे वळला तर आजोबा आडवे आले.

“तो मी बघतो. तू जाऊन गाडी सुरू कर.”

स्वतःचं गुपित त्यांना गुपचूप फोडायचं होतं. बाकीचे व्हॅनमध्ये बसले. आजोबा माझ्यामागे उकिडवे बसून सिमेंट खरवडू लागले. चकती सुटेना. मग त्यांनी सवयीने थापी उलटी केली आणि सिमेंट आतून कितपत पकडलंय ते ऐकायला तिच्या लाकडी मुठीने विटेवर ठोकलं.

ठक ठक.

गवंड्याला त्यातून कळलं, काम भक्कम आहे. ड्रायव्हरला कळलं, निघायचं. त्याने ब्रेक सोडला.

आजोबांचा डावा हात अजून माझ्या पायापाशी होता. मी पुढे ओढला जात होतो. मला जायचं नव्हतं. सोमवारी त्या आवारात परत जायचं नव्हतं आणि त्या हातावरून तर मुळीच जायचं नव्हतं. अंगात होता नव्हता तेवढा जोर मी त्या पायात आणला. पाय किंचाळला, वाकला, पण सुटला नाही. व्हॅन दोन आचके देऊन बंद पडली.

सगळे धावत आले. आजोबा गवतावर बसले होते, दहाही बोटं शाबूत. पहिले शब्द काय? “बघा! एक वीट हलली नाही!”

मग सगळ्यांनी त्या चौथऱ्याकडे बघितलं आणि आजोबांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.

“अण्णा, हे कुणी बांधलं?” आत्याने विचारलं.

“मला काय ठाऊक? आधीचंच असेल.”

“आजोबा,” शेंडेफळ म्हणाली, “तुम्ही काल सकाळी बांधलंत ते मी कुणालाच नाही सांगितलं हं.”

हसू आवरेना कुणाला. आजी तेवढी हसली नाही. ती व्हॅनमधून उतरली, चौथऱ्याशी आली, वाकून तिने विटेला हात लावून पाहिला.

“म्हणून हलत नव्हतं होय?”

“गरगरतं म्हणालीस ना,” आजोबा जमिनीकडे बघत पुटपुटले.

चाळीस वर्षांत तिच्यासाठी त्यांनी न विचारता केलेलं बहुधा ते पहिलं बांधकाम. आजीने डोळ्यांना पदर लावला. मला पदर नाही, पण माझ्या नळातून उगाच दोन थेंब गळले.

“अण्णा,” ड्रायव्हर आनंद लपवत म्हणाला, “आता हा परत नाही घेणार कुणी.”

आजोबांनी माझ्या वाकड्या पायावरून हात फिरवला. “माझ्याच हातून झालं. आता काय, ठेवून घ्या हा डबा.” तासभर खपून त्यांनी चकती मोकळी केली, आणि त्या विटांची चूल पुन्हा नीट रचून दिल्याशिवाय तिथून हलले नाहीत. घरच्या त्या वरच्या दोन खोल्या कधीच झाल्या नाहीत. पाय सरळ करून आणू, असं ड्रायव्हर दरवर्षी म्हणायचा आणि आजोबा दरवर्षी म्हणायचे, “राहू दे.”

वीस वर्षं आम्ही हिंडलो. तळी, डोंगर, समुद्र. खिडकी आजीची, पायाखाली फळ्या आजोबांच्या, सुट्या. मग मुलं एकेक करून पांगली. तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. त्यांची थापी माझ्या खणात आहे. तेव्हापासून मी इथे उभा आहे आणि माझ्या चाकांत गवत वाढलंय. ड्रायव्हर आता निवृत्त झालाय. चालवायला बस नाही म्हणून हल्ली त्याने आजोबांची लेव्हल हातात घेतलीय. घरभर दुरुस्त्या काढतो. आज माझी पाळी.

हा बघा, आला पाना घेऊन. पण त्याच्याआधी आजी आली आहे. काठी टेकत, एक-एक पायरी चढत ती आत आली, तिच्या खिडकीशी बसली, पडदा सरकवला. समोर कुंपणाची भिंत आहे.

“आई, उतर खाली. चाकं काढायची आहेत.”

“मला एकदा तळ्यावर जायचंय रे.”

“जाऊ ना. हे एक काम संपू दे, मग जाऊ.”

आजीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यालाही कळलं असावं हे वाक्य कुणाचं, कारण त्याने पाना खाली केला.

मीही सांगून ठेवतो. या, लावा हात माझ्या चाकांना! मला पाया घालून मोकळा होईल असा एकच माणूस होता, आणि त्यालाही तो पाया शेवटी स्वतःच्याच हाताने फोडावा लागला. हवा भरा, बिजागऱ्यांना तेल द्या, गवत उपटा. तो एक पाय मात्र आहे तसाच राहू द्या.

आजीने खण उघडला. थापी काढली. लाकडी मूठ पुढे धरून तिने माझ्या पत्र्यावर ठोकलं.

ठक ठक.

ड्रायव्हरने पाना विटांवर ठेवला. मग तो गाडीकडे चालू लागला. मागे वळून त्याने बघितलं नाही. मागचं बघणं कंडक्टरचं काम.